हार्वर्डचे डीन ग्रिस्वोल्ड बायकांच्या बाजूचे होते की विरोधातले?

दोन्ही. प्रोजेक्टसाठी एकाच बाजूचं उत्तर हवं असेल तर पुढे वाचू नका.

अर्विन ग्रिस्वोल्ड १९४६ ते १९६७ अमेरिकेतल्या हार्वर्ड लॉ स्कूलचे डीन, म्हणजे प्रमुख, होते. हार्वर्ड लॉ स्कूलनं १९५० साली मुलींना प्रवेश दिला तो त्यांच्याच काळात. आणि १९५६ साली नव्या आलेल्या मुलींना (सुमारे ५०० जणांत ९) घरी जेवायला बोलावून, 'एका पुरुषाची जागा घेऊन इथे का आलात?' असं एकेकीला विचारणारेही तेच. त्यात पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग होत्या. त्या गडबडून म्हणाल्या, नवरा इथेच दुसऱ्या वर्षाला आहे, त्याचं काम बायकोला कळायला हवं.

मला हाच प्रश्न कोल्हापुरात विचारला गेलाय. वकिलीची सनद मिळाल्यावर एका नावाजलेल्या फौजदारी वकिलांकडे ज्युनियर म्हणून गेले. चेंबर पक्षकारांनी भरलेलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, लग्न झालं की कोट कपाटात जाणार. मग एका पोराची जागा कशाला अडवतीस?" मी म्हटलं, "सर, कपाट माहेरचं की सासरचं?" पक्षकार हसले. सर नाही हसले.

पुढे माझ्या वाट्याला मुदतीचे अर्ज आणि नकलांच्या खिडकीपुढची रांग. उलटतपास माझ्या मागून आलेल्या पोराला. टिपणं मी काढायची, प्रश्न त्यानं विचारायचे. एका खटल्यात पंचनाम्यावरची वेळ आणि पंचानं कोर्टात सांगितलेली वेळ जुळत नव्हती. मी चिठ्ठी पुढे सरकवली, त्यानं वाचून विचारलं, आणि बाररूममध्ये शाबासकी त्याला. मी चेंबर सोडलं. आता सर कार्यक्रमांत सांगतात, "ही माझ्याच हाताखाली तयार झाली." त्या प्रश्नाचा विषय काढला की म्हणतात, "तुला घट्ट करायला विचारलं होतं गं."

ग्रिस्वोल्ड यांचा खुलासाही याच चालीचा. म्हणे, मुलींना विरोध करणाऱ्या प्राध्यापकांच्या तोंडावर मारायला उत्तरं हवी होती. मला नाही पटत. मग त्या प्राध्यापकांना जाब विचारायचा, जेवायला बोलावलेल्या पोरींना कशाला? शिवाय नवऱ्याच्या नोकरीमुळे गिन्सबर्ग शेवटच्या वर्षाला न्यूयॉर्कला, कोलंबियात गेल्या, तेव्हा त्यांना हार्वर्डची पदवी द्यायला नकार देणारेही ग्रिस्वोल्डच.

हां, माणूस भित्रा नव्हता, हे लिहायला हवं. सिनेटर मॅकार्थीच्या दिवसांत, म्हणजे १९५० च्या दशकात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या चौकशा चालायच्या तेव्हा, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काची (आपल्या राज्यघटनेतलं कलम २०(३)) त्यांनी जाहीर बाजू घेतली. १९७१ साली पेंटॅगॉन पेपर्स प्रकरणात (व्हिएतनाम युद्धाची गुप्त सरकारी कागदपत्रं वर्तमानपत्रांनी छापण्याचा वाद) सॉलिसिटर जनरल, म्हणजे सुप्रीम कोर्टातले सरकारी वकील, म्हणून ते सरकारतर्फे उभे राहिले. पण १९८९ मध्ये स्वतःच वर्तमानपत्रात लिहिलं, की ती कागदपत्रं छापल्यानं देशाच्या सुरक्षेला धोका झाल्याचं काही दिसलं नाही. एवढं मोकळेपणानं कुठला वकील लिहितो? आमच्या सरांकडून मी अजून वाट बघतेय.

तुम्हीही फौजदारीत ज्युनियरशिप शोधताय असं प्रश्नाखाली लिहिलंय. पहिल्याच दिवशी विचारा, उलटतपास कधी करायला मिळेल. 'बघू' म्हणाले की उठा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) इथे कोल्हापुरातच आहे, एकाच चेंबरला चिकटून राहायची गरज नाही.