वार चुकवू नको

तुला,

पत्र वाचलं. सबंध पत्रात 'मी आलो' नाही आणि 'मी आले'ही नाही. बाई की पुरुष हे कळू नये म्हणून प्रत्येक वाक्य वळवून ते टाळलंयस. म्हणून हेही पत्र तसंच लिहायचं ठरवलंय.

आपल्या क्वीअर (समलिंगी, ट्रान्स) पोरांनी हाताने केलेल्या वस्तूंचा जळगावात बाजार मांडला, तिसऱ्या बाजारानंतर सगळे पांगले, आता काय करू, एवढाच तुझा प्रश्न. त्याची कारणं तू चार पानं शोधली आहेस. माल कमी होता, पोस्टर साधं होतं, जळगावात असलं काही चालत नाही. आणि शेवटच्या पानावर, जाता जाता, लिहिलंयस की पहिला बाजार जानेवारीत रविवारी झाला, दुसरा मार्चमध्ये शनिवारी, दुसऱ्याच जागी, आणि तिसरा 'जमलं तेव्हा' मे महिन्यात. घोडं तिथेच पेंड खातंय. पोस्टरला दोष देऊ नको.

खान्देशातल्या माणसाला बाजार समजावून सांगायची वेळ यावी, याचं वाईट वाटतं. होळीच्या आधीच्या आठवड्यात आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो हे सातपुड्यातल्या पाड्यांना कुणी कळवायला जात नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोडे येतात, वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात यात्रा भरते. दिवस ठरलेला असतो म्हणून माणूस घरातून निघतो. बाजाराला वार लागतो. वार चुकवू नको.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे. सावद्याच्या एखाद्या घरातलं एकोणीस वर्षांचं माणूस डोळ्यांसमोर आण. फोन भावाच्या हातात असतो. ग्रुपवरचा निरोप वाचला की लगेच पुसून टाकावा लागतो. पण 'दर महिन्याचा दुसरा रविवार, पाच ते साडेआठ, तीच जागा' हे डोक्यात ठेवता येतं आणि फोन तपासून कुणालाही सापडत नाही. पहिल्या महिन्यात ते माणूस रस्त्याच्या पलीकडून बघून जाईल. दुसऱ्या महिन्यात चाळीस रुपयांची वाचनखूण घेईल आणि काही न बोलता निघून जाईल. तिसऱ्या महिन्यात कदाचित बसेल. आणि त्या तिसऱ्या महिन्यात जागा रिकामी दिसली तर? चौथ्यांदा ते येणार नाही. मे महिन्यात तुमचं टेबल कुठे होतं, हे कितीजणांनी शोधलं असेल, याचा हिशोब तुझ्या वहीत नाही.

टेबल हवं ते त्यासाठीच. सभेला जायचं तर घरी कारण द्यावं लागतं, बाजाराला नाही. गिऱ्हाईक म्हणून येता येतं आणि परत जाताना हातात दाखवायला पिशवी असते.

आता कामाचं. जागा जळगाव स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत हवी. सुरतेच्या मार्गावरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरची माणसं थेट येतात, मुख्य मार्गावरून चाळीसगाव, पाचोरा, भुसावळची. धुळ्याच्या माणसाला एसटीच सोपी. बाजार बंद करायची वेळ गाडीवरून ठरव, विक्रीवरून नाही. उन्हाळ्यात पाचच्या आधी मांडू नको. एप्रिल-मेमध्ये मेणबत्त्या वाकतात, रेझिनचे दागिने मऊ पडून एकमेकांना चिकटतात आणि गरम गोंदाने चिकटवलेलं सगळं सुटतं. ते दोन महिने कापड, कागद, मातीचं काम एवढंच ठेव. केळीच्या सोपटाचा धागा सावलीत वाळवायचा, उन्हात तो कडक होऊन तुटतो. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, म्हणून वस्तू बंद डब्यात आणायच्या आणि मांडण्यापुरत्याच बाहेर काढायच्या. मंडपाच्या चारही पायांना वीस लिटरचे पाण्याचे जार बांध. वावटळीत विटा पुरत नाहीत.

रस्त्यावर बसायचं तर बाजार फीची पावती दर वेळी घे आणि फाईलला लाव. वाद झाला की तोंडापेक्षा पावती कामाला येते. शेजारच्या भाजीवाल्या मावशींना आधी विचार की ही जागा कुणाची. वर्षानुवर्षांच्या बसण्याने ठरलेल्या जागा कागदावर नसतात, पण त्या मोडल्या तर पहिल्याच दिवशी सगळी रांग तुमच्या विरोधात जाते. त्या बाजारात पैसे मागायला येणाऱ्या तृतीयपंथी गुरूंना मांडण्याआधी भेटून ये. वाकून नमस्कार कर, काय करणार आहात ते सांग, आणि त्यांच्या चेल्यांपैकी कुणी शिवतं, विणतं, गजरे गुंफतं का ते विचार. टेबलाचा एक कोपरा त्यांना दे, उपकार म्हणून नाही. त्या बाजारात उघड्या चेहऱ्याने त्या तुमच्या कितीतरी आधीपासून उभ्या आहेत. शिकलेल्या पोरांनी त्यांना टाळून 'समुदाय' बांधायचा म्हटलं की मला राग येतो, तो इथेच सांगून टाकणं बरं.

क्यूआर कोडचं नीट ऐक, यात फार मोठी चूक होते. पैसे भरणाऱ्याला खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. ज्याने नाव बदललंय पण कागद बदललेले नाहीत, त्याचं जुनं नाव प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवर उमटतं. आयडीत मोबाईल नंबर असेल तर तोही जातो. ज्याच्या घरी सगळं माहीत आहे आणि ज्याची तयारी आहे, अशा एकाच माणसाचा कोड लाव. छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते. ती करून धंद्याच्या नावाचं चालू खातं काढता आलं तर उत्तम. शिवाय पाचशेचे सुट्टे नेहमी ठेव, कारण काहींना फोनवर व्यवहाराची खूणच नको असते.

फोटोची पाटी मोठ्या अक्षरात लाव: फोटो फक्त मालाचे. रील करणारा कितीही आपला असला तरी नाही. टेबलावर कायम दोघं. एखाद्याचा काका-मामा समोर उभा राहिला तर दुसऱ्याने लगेच 'जा, चहा घेऊन ये' म्हणायचं, हे आधीच ठरलेलं असावं.

किंमत. तुमच्या जुन्या साड्यांच्या पिशव्या नव्व्याण्णवला विकल्यात, ते वाचून जीव कळवळला. कापड आणि अस्तर ३८, चेन-दोरा १२, दीड तासाची मजुरी तासाला ६० प्रमाणे ९०, पुडकं आणि चिठ्ठी ५, झाले १४५. त्यावर जागा आणि नासधूस धरून वीस टक्के, म्हणजे २९. एकूण १७४. पिशवी १८० ची आहे. नव्व्याण्णवला विकताना प्रत्येक पिशवीमागे तुम्ही स्वतःची बरीचशी मजुरी बुडवलीत आणि चार महिन्यांत थकलात. थकलं की वार चुकतो. महाग वाटतं त्याच्यासाठी चाळीस-पन्नासच्या वाचनखुणा, पत्रं ठेव. अहिराणीत लिही. टेबलावरची पाटीही 'ये, बठ' एवढीच असू दे. रावेर-यावलकडची लेवा बोलीतली पोरंही ते समजतील.

प्रत्येक विक्रीतले दहा टक्के गल्ल्यात. त्यातून जागेची फी आणि लांबून येणाऱ्याचं तिकीट. पैसे त्याच रात्री दोघांसमोर मोजायचे. वही एकाकडे, रोकड दुसऱ्याकडे, टेबल-मंडप तिसऱ्याकडे. यावर मी हटून बसणार आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा एक जोडपं सगळं चालवतं, आणि त्यांचं बिनसलं की वही एकाच्या घरी, मंडप दुसऱ्याच्या, आणि बाजार संपला. प्रेम तुटू शकतं, तुटू दे. वार चुकता कामा नये.

इंद्रधनुष्याचा झेंडा लावायचा की नाही, यावरून तुमच्यात भांडण झालं. माझं मत तुझ्या मित्रांना भेकडपणा वाटेल. पहिलं वर्षभर लावू नको. टेबलाच्या चादरीच्या कडेला सहा रंगांचा धावदोरा घाल. ओळखणारा लांबून ओळखतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आपण गुन्हेगार राहिलो नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाकडून लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही. आणि या दोन्ही तारखांनी सावद्याच्या त्या घराचा दरवाजा उघडलेला नाही. झेंड्याखाली उभं राहायला आधी कुणीतरी यावं लागतं. ज्याला मोर्चात चालायचंय त्याने मुंबई-पुण्याला जरूर चालावं, तिथले मोर्चे हवेतच. पण इथे झेंड्यामुळे पाच माणसं टेबलापर्यंत पोचणार नसतील, तर मला ती पाच माणसं हवीत. हा हट्ट आहे, असू दे.

पुण्याच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलंय म्हणतेयस की म्हणतोयस, तूच ठरव. जरूर जा, तिथे पैसे जास्त मिळतात, दुसरा रविवार सोडून कधीही. दुसऱ्या रविवारीच असेल तर नाही म्हण. मोठ्या शहरातल्या चांगल्या विक्रीसाठी इथला एखादा महिना सोडला तर काय बिघडतं, असं वाटतं. बिघडतं. माझ्या हातून सुटलेले महिने आजही मोजता येतात, आणि त्या महिन्यांत कोण येऊन परत गेलं हे मात्र कधीच कळणार नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते. भाऊबंदकी जमते, रोट होतात, कुणालाही निघता येत नाही. तो दुसराच रविवार निघाला तरी टेबल लागलंच पाहिजे. दोन माणसं, एक टेबल, दहा पिशव्या पुरे. ज्यांच्या घरी कानबाई नाही किंवा ज्यांना घरात जागाच नाही, त्यांची पाळी त्या दिवशी लाव. सगळ्या नातेवाइकांत दिवसभर 'लग्न कधी' ऐकून संध्याकाळी तासभर बाहेर पडणारं कुणीतरी नक्की असतं.

माझ्याकडे घडीची दोन टेबलं आहेत, सहा बाय अडीचची. रिक्षात मागच्या सीटवर आडवी बसतात. एकाचा डावा पाय हलतो, दहा नंबरच्या पान्याने बोल्ट आवळून घे आणि खाली पुठ्ठा घाल. येत्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारपर्यंत घेऊन जा. किल्ली शेजारी ठेवली आहे.