नारळाच्या दुधाच्या डब्यांमध्ये स्निग्धांश किती असतो? सोलकढीला कोणता डबा घ्यावा?

अमेरिकेतल्या दुकानात ‘लाइट’, साधं आणि ‘क्रीम’ असे नारळाच्या दुधाचे डबे दिसतात, त्यांत फरक किती आणि सोलकढीला, माशाच्या कालवणाला कुठला चालेल, असं तुम्ही विचारलंय.

पुढच्या नावावर जाऊ नका, मागचा तक्ता वाचा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात (२००३) लाइट दुधाला किमान ५ टक्के, साध्या दुधाला १०, क्रीमला २० आणि घट्ट क्रीमला २९ टक्के स्निग्धांश ठरवलाय. हे सगळे किमान आकडे आहेत. म्हणून ‘कोकोनट मिल्क’ लिहिलेल्या एका डब्यात ११ टक्के आणि त्याच फळीवरच्या दुसऱ्यात १९ टक्के असू शकतात. चांगल्या थाई डब्यांत बहुतेकदा १७च्या पुढे असतो.

तिथल्या तक्त्यात आकडा १०० मिलीला नसतो, एका सर्व्हिंगला असतो. डब्याच्या दुधासाठी ती बहुधा पाव किंवा एक-तृतीयांश कप, म्हणजे ६० किंवा ८० मिली असते. ८० मिलीला १४ ग्रॅम फॅट असेल तर सव्वापट करा: १७.५ टक्के. ६० मिलीचा असेल तर आकड्यात त्याचा दोन-तृतीयांश मिळवा. ही सवय लागली की कुठलेही दोन डबे तिथल्या तिथे ताडून बघता येतात.

लाइटचा डबा मी घेतच नाही. ते बहुतांशी पाणी घातलेलंच दूध असतं, आणि ते पाणी आपल्या नळाला आहे. १८ टक्क्यांच्या ४०० मिली डब्यात तेवढंच पाणी घातलं की ९ टक्के होतात. दोन डबे पाणी घातलं की ६. सोलकढीला मला हे ६च्या आसपासचंच आवडतं.

घटकांची यादीही बघा. ग्वार गममुळे पातळ दूधसुद्धा दाट दिसतं, तेव्हा नुसत्या दाटपणावरून स्निग्धांश ओळखू नका. सोलकढीत हा गम जिभेला बुळबुळीत लागतो. तिथे फक्त नारळ आणि पाणी असलेला डबा हवा. मात्र खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून अशी सोलकढी फ्रीजमध्ये ठेवली की वर पांढऱ्या कण्या धरतात. प्यायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा आणि ढवळा. डबाही उघडण्याआधी जोरात हलवा, नाहीतर वरचं वाढाल ते क्रीम आणि तळाशी उरेल ते पाणी.

कालवणाला गमवाला डबा चालतो, उलट तो चटकन फुटत नाही. स्निग्धांश १७च्या वर असू द्या, शेवटी मंद आचेवर घाला आणि खळखळून उकळू नका.

कॉफीसाठीचं खोक्यातलं ‘कोकोनट मिल्क’ बहुधा २ टक्क्यांच्या आसपासचं असतं, त्याची कढी होत नाही. आणि ‘क्रीम ऑफ कोकोनट’ म्हणजे साखर घातलेला पाक, कॉकटेलसाठीचा. तो चुकूनही कालवणात घालू नका.