डेकोराला जायचंय? मग दोन रात्री राहा

प्रश्न : मुलगी मिनेसोटात रोचेस्टरला, मेयो क्लिनिकमध्ये नोकरीला आहे. जूनपासून आम्ही दोघं तिच्याकडे असू. नायगारा, न्यूयॉर्क, शिकागो मागच्या खेपेला झालं. आता मॉल नकोत. ह्यांना सायकलची भारी हौस, नाशिकला रोज पहाटे गंगापूर धरणाकडे जाऊन येतात. मला सायकल येते, पण गुडघे कुरकुरतात. दोघंही रमू असं एखादं छोटं गाव सांगाल का? मी शाकाहारी आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, रोचेस्टरहून हायवे ५२ धरा आणि दक्षिणेला निघा. दीड तासात आयोवाची हद्द ओलांडून डेकोराला पोचाल. गाडी मात्र हवीच, एसटीसारखी सोय तिकडे विसरा.

आयोवा म्हटलं की लोक नाक मुरडतात. मका, सोयाबीन आणि पुन्हा मका. मी सीडर रॅपिड्सला नोकरीत होतो तेव्हा मीही तेच म्हणायचो. पण राज्याचा हा ईशान्य कोपरा निराळा आहे. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्यांनी आजूबाजूचा मुलूख रगडून सपाट केला, हा भाग मात्र त्यांच्या तावडीतून सुटला. म्हणून इथे चुनखडीचे कडे, खोल दऱ्या, गार झरे आणि अप्पर आयोवा नदीची वळणं आहेत. या प्रदेशाला ड्रिफ्टलेस, म्हणजे हिमनद्यांचा गाळ नसलेला, म्हणतात.

गावाभोवती ट्राउट रन ट्रेल नावाची सायकलवाट आहे. ११ मैलांची, म्हणजे जवळजवळ १८ किलोमीटरची पक्की, गोल फेरी. २०१२मध्ये ती पूर्ण झाली. नदीकाठच्या बांधावरचा भाग सपाट आहे, पण पुढे एका बाजूला नागमोडी चढ लागतो आणि तो दम काढतो. ह्यांना तो आवडेल, तुमच्या गुडघ्यांना नाही. तेव्हा असं करा : ते फेरीला निघाले की तुम्ही गाडीने मत्स्यबीज केंद्रावर जा. तिथले लोक त्याला हॅचरी म्हणतात. सिव्हर्स स्प्रिंग या मोठ्या झऱ्याच्या पाण्यावर ते चालतं. ट्राउट मासे इथे वाढवून आसपासच्या ओढ्यांत सोडतात. नाणं टाकलं की मूठभर खाणं देणारं यंत्र आहे. ते पाण्यात टाका, मग मासे कसे उसळतात बघा. वाट तिथूनच जाते, त्यामुळे ह्यांची चुकामूक व्हायची नाही. आणि मान वर ठेवा. हॅचरीजवळच्या झाडांवर बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, घरटं करतात. २०११मध्ये त्यांच्या घरट्यावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्रण जगभरच्या लोकांनी पाहिलं होतं.

दुपार व्हेस्टरहाइम संग्रहालयाला द्या. तासाभरात उरकू नका. १८५०पासून नॉर्वेजियन शेतकरी इथे येऊ लागले. त्यांचं लूथर कॉलेज १८६२मध्ये या गावात आलं आणि १८७७मध्ये त्याच कॉलेजात या संग्रहाची सुरुवात झाली. मला तिथल्या पेट्या सोडवत नाहीत. बोटीवर चढताना बरोबर आणलेल्या लाकडी पेट्या, त्यांवर फुलापानांची रंगीत नक्षी, मालकाचं नाव आणि साल. पुन्हा परतायचं नाही, हे माहीत असताना माणसं काय बांधून घेतात ते तिथे दिसतं. तुमच्या बॅगांत निदान परतीचं तिकीट असतं. जवळच ट्रेडविंड नावाची चिमुकली, २५ फुटांची होडी ठेवली आहे. १९३३मध्ये दोन भाऊ तिच्यातून अटलांटिक ओलांडून आले. कशाला? तर शिकागोचं जागतिक प्रदर्शन बघायला!

या गावातून ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन भाषेतलं वृत्तपत्र १८७४पासून १९७२पर्यंत निघत होतं. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक दर वर्षी ‘या वेळी बहुतेक शेवटचा’ म्हणत निघायचा. मला त्या संपादकांचा हेवा वाटतो.

एक गोष्ट गावातल्या रंगीत पाट्या पटकन सांगत नाहीत. गावाला नाव आहे ते इथल्या मूळ रहिवासी हो-चंक लोकांच्या वॉकॉन डेकोरा या प्रमुखाचं. त्या लोकांना सरकारने १८४८मध्ये इथून मिनेसोटात हलवलं, पुढच्याच वर्षी गोऱ्यांनी गाव वसवलं, आणि त्यानंतर नॉर्वेजियन आले.

खाण्याचं : लुटेफिस्क म्हणजे क्षारात मुरवलेला मासा, त्याच्या वाटेला जाऊ नका. लेफ्से मात्र खा. बटाटा घातलेली मऊ चपातीच ती, वर लोणी-साखर. वॉटर स्ट्रीटवर सहकारी तत्त्वावरचं किराणा दुकान आहे, तिथे शाकाहाऱ्याचं नीट भागतं.

बागेची आवड असेल तर गावाच्या उत्तरेला सीड सेव्हर्स एक्स्चेंजचं शेत चुकवू नका. १९७५मध्ये एका जोडप्याने ही संस्था काढली, ती बायकोच्या आजोबांनी सांभाळलेल्या बियांपासून. जांभळ्या मॉर्निंग ग्लोरीचं ते बी त्यांच्या पूर्वजांनी जर्मनीतल्या बव्हेरियातून आणलं होतं. आपल्याकडे अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे गावठी बियाणं जपतात, त्याच जातीचं काम. मॉर्निंग ग्लोरीची फुलं दुपारपर्यंत मिटतात, तेव्हा सकाळी जा.

जुलैचा शेवटचा शनिवार-रविवार मात्र टाळा, नाहीतर फार आधी खोली ठरवा. तेव्हा नॉर्डिक फेस्ट असतो आणि गावात पाय ठेवायला जागा नसते. शांतपणे बघायचं तर जूनच बरा.

प्रश्न : आम्ही आयोवातच एम्सला राहतो. आठ वर्षांची मुलगी ट्राउट रनची पूर्ण फेरी करू शकेल का? – एक आई

उत्तर : पोरीला चढाची सवय नसेल तर नको. नदीकाठच्या बांधावरून जाऊन परत या. सायकली ठेवून मग डनिंग्ज स्प्रिंगला चला, गावाला लागूनच धबधबा आहे. तिथून पुढे बर्फाची गुहा आहे, मुलांना खरी मजा तिथे. बाहेर जूनचं ऊन आणि आत भिंतीवर बर्फ! हिवाळ्यात आत शिरलेली थंडी खडक साठवून ठेवतो. वसंतात वरून झिरपणारं पाणी त्या गार खडकावर गोठतं, म्हणून बर्फ उन्हाळ्याच्या तोंडावर सर्वांत जास्त असतो आणि सप्टेंबरपर्यंत संपतो. विजेरी आणि स्वेटर न्या. दगड निसरडे असतात, चपला घालून जाऊ नका.

प्रश्न : मी कोल्हापूरला व्हायोलिन शिकवतो. ऑक्टोबरात भाच्याकडे आयोवाला जातो आहे. द्वोर्झाक हा चेक संगीतकार तिकडे कुठेतरी राहिला होता म्हणे. खरं का? – एक शिक्षक

उत्तर : अगदी खरं. डेकोराहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत स्पिलव्हिल हे चेक लोकांचं खेडं आहे. द्वोर्झाक तेव्हा न्यूयॉर्कच्या नॅशनल कन्झर्व्हेटरी या संगीतशाळेचे संचालक होते. त्यांचा मदतनीस योसेफ कोवार्झिक हा स्पिलव्हिलचा, त्याच्या आग्रहावरून १८९३चा उन्हाळा त्यांनी सहकुटुंब इथे काढला. आसपास आपली भाषा बोलणारी माणसं मिळाली आणि हात मोकळा सुटला. ‘अमेरिकन’ म्हणून ओळखली जाणारी एफ मेजरमधली स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, त्यांनी जूनमध्ये जेमतेम सोळा दिवसांत लिहून काढली. सेंट वेन्सेस्लॉस चर्चमध्ये ते सकाळी ऑर्गन वाजवायचे.

ते राहिले त्या घरात आता खाली बिली भावांच्या घड्याळांचं संग्रहालय आहे. हे दोघे शेतकरी भाऊ हिवाळ्यात लाकूड कोरत बसायचे. त्यांच्या एका घड्याळाला हेन्री फोर्डने दहा लाख डॉलर देऊ केले आणि त्यांनी नाही म्हटलं, अशी कथा तिथे सांगतात. मला तुमच्या जागी घड्याळांपेक्षा वर, द्वोर्झाक राहिले त्या मजल्यावर जास्त वेळ काढावासा वाटेल. ऑक्टोबरात वेळा बदलतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून उघडं आहे ना, विचारा. आणि भाच्याला सांगून त्या क्वार्टेटचा दुसरा भाग (मूव्हमेंट) गाडीत लावा.