दाखल्यावरचं वय आणि एक्स-रेचं वय वेगळं आलं, तर खरं कोणतं?

कोर्ट दाखला धरेल. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 94 तसंच सांगतं: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडं, म्हणजे हाडांची टोकं कितपत जुळलीत ते एक्स-रेत पाहून काढलेलं वय.

पण मी यवतमाळ जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात 19 वर्षं एक्स-रे काढलेत. एक पोरगी अजून डोळ्यांपुढून जात नाही. सोबत आई आणि महिला पोलीस. वय विचारलं तर आई म्हणाली, "तान्ह्या पोयाच्या दिशी झाली जी. त्या साली आमचा बैल गेला." कागद एकही नाही.

फिल्म उजेडावर धरली. कोपर पूर्ण जुळलेलं. मनगटाशी मात्र पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक काळी रेघ, म्हणजे हाड पुरतं न जुळल्याची खूण, शिल्लक होती, आणि कमरेच्या हाडाची कड नुसती टेकलेली, चिकटलेली नव्हती. डॉक्टरांनी लिहिलं, '18 वर्षे'. मी म्हटलं, सर, 16 ते 18 लिहा. ते म्हणाले, कोर्टाला आकडा लागतो. बाहेर आईनं विचारलं, "किती निंगाली भाऊ?" मला सांगवलं नाही. त्या एका आकड्यानं तिची केसच बदलली.

अशा तपासणीत दोन्हीकडे दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सुप्रीम कोर्टानं 1982 सालीच जयामाला खटल्यात म्हटलंय. एकच आकडा लिहिणारा रिपोर्ट माझ्या लेखी खोटा आहे.

आमचे भाऊजी जिल्हा परिषदेचे गुरुजी. "दाखला असल्यावर हाडं कशाला?" हे त्यांचं ठरलेलं. अहो, दाखला लिहिला कोणी? डोक्यावरून हात नेऊन पल्याडचा कान धरता आला की पोरगं सहा वर्षांचं, आणि तारीख सरसकट 1 जुलै. माझ्याही दाखल्यावर 1 जुलैच आहे. माय सांगायची, मी ज्वारीच्या सोंगणीत झालो. ज्वारी काय जुलैत सोंगतात?

हाडंही चुकवतात, हे मान्य. पोटाला कमी पडलेल्या लेकराची उशिरा जुळतात, पोरींची पोरांच्या वर्ष-दोन वर्षं आधी. पंचविशीनंतर तर अंदाज फारच ढोबळ होतो.

तुमच्या रिपोर्टात एकच आकडा असेल, तर वकिलाला डॉक्टरांची उलटतपासणी घ्यायला लावा: कोणती हाडं पाहिली, आणि मागे-पुढे किती वर्षं? आणि दाखला ज्या रजिस्टरवरून निघाला, ते दाखल-खारीज रजिस्टर शाळेतून मागवा. तिथं जन्मतारीख कोणी आणि कशावरून सांगितली, तेवढं बघा.