पहिलाच प्रकल्प आहे, तर लहान घ्या

मॅडम, आठवीच्या मुलांकडून शाळेत हात धुण्याची सोय करून घेताय, विषय फार छान निवडलात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हेच रुजवलं: गावाची खरी गरज घ्यायची आणि हाताने काम करत शिकायचं.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- पहिला आठवडा हत्यारांना हात नको. मधल्या सुट्टीत नळापाशी थांबून मुलांना बघू दे. रांग कुठे अडते, पहिलीतल्या मुलाचा हात कुठवर पोचतो, हे टेपने मोजून वहीत लिहू दे. नळाची उंची त्या वहीतूनच ठरवा.
- चार-पाच जणांचा गट, कामं आलटून पालटून. नाहीतर करवत कायम मुलांकडे आणि वही कायम मुलींकडे जाते. हे पहिल्याच दिवशी मोडून काढा.
- पीव्हीसी पाइप आधी सुका जोडून बघा. एल्बो (कोपऱ्याचा जोड), टी (तीन तोंडांचा जोड), नळ जागेवर बसले, पेन्सिलीने खुणा झाल्या, की मगच सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्रव) लावा. ते लगेच धरतं. वाकडा बसलेला नळ मग कापूनच काढावा लागतो.

नवे शिक्षक हमखास शेवटच्या दोन दिवसांत स्वतःच सगळं जोडून टाकतात. तसं करू नका. गळलं तर गळू दे, कुठून गळतंय ते मुलं शोधतील. सांडपाणी कुठे जाणार, हे मात्र आधीच विचारा. बहुतेक जण विसरतात.

सेन्सर, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) यंदा नकोच. मापांसकट कच्चं चित्र झालं की दाखवा, पुढचं तेव्हा बोलू.