वाचकांचे प्रश्न : अलीगढचं खरं साल कोणतं?

प्रश्न : अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या स्थापनेचं साल कुठे १८७५, कुठे १८७७, तर कुठे १९२० दिलेलं असतं. बरोबर कोणतं? मुलीला बारावीनंतर तिथे पाठवायचा विचार आहे. आम्ही मुस्लिम नाही, प्रवेश मिळेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : तिन्ही सालं बरोबर आहेत. सर सय्यद अहमद खान यांनी मे १८७५ मध्ये शाळा काढली. ८ जानेवारी १८७७ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली. पण या कॉलेजला स्वतःची पदवी देता येत नव्हती. ते आधी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेलं होतं. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने मिळाला तो १९२० मध्ये, आणि १ डिसेंबरपासून विद्यापीठ सुरू झालं.

मधली चाळीसेक वर्षं वर्गणी गोळा करण्यात आणि सरकारशी वाटाघाटी करण्यात गेली. देणगीदारांची नावं दगडात कोरून भिंतींत बसवत, ती आजही वाचता येतात. १८९५ मध्ये कॉलेजच्याच कारकुनाने लाखावर रुपयांची अफरातफर केल्याचं उघडकीस आलं. तीन वर्षांनी सर सय्यद गेले, तेव्हा कॉलेज डबघाईला आलेलं होतं. सरकारने विद्यापीठासाठी ३० लाखांच्या निधीची अट घातली, तेव्हा १९११ मध्ये इस्माइली पंथाचे प्रमुख आगा खान वर्गणीसाठी फिरले. पैसा उभा राहिला, तरी घोडं अडलंच. देशभरातली मुस्लिम कॉलेजं संलग्न करून घेण्याचा हक्क अलीगढला हवा होता आणि सरकार तो देईना. बनारस हिंदू विद्यापीठाने १९१५ मध्ये त्या हक्काविना कायदा पत्करला, शेवटी अलीगढनेही तीच वाट धरली.

प्रवेशाचं म्हणाल, तर तिथे धर्मावर राखीव जागा नाहीत. अल्पसंख्याक दर्जाचा वाद कोर्टात आहे. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी १९६७चा, विद्यापीठ अल्पसंख्याक संस्था नाही असं ठरवणारा, निकाल फिरवला, पण दर्जाचा निर्णय दुसऱ्या खंडपीठावर सोपवला.

बाहेरच्या विद्यार्थ्यांची खरी अडचण निराळीच आहे. बहुतेक अभ्यासक्रमांत निम्म्या जागा विद्यापीठाच्याच शाळा-कॉलेजांतून आलेल्यांना जातात. तुमच्या मुलीची स्पर्धा उरलेल्या निम्म्यांसाठी, हे धरूनच तयारी करा. काही अभ्यासक्रमांना सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांसाठीची सामाईक प्रवेश परीक्षा) लागते, काहींना विद्यापीठाची स्वतःची परीक्षा. दोन्हींचे अर्ज वेगवेगळे भरावे लागतात. एकच अर्ज भरून निर्धास्त राहिल्याने अनेकांचं वर्ष वाया जातं. त्या वर्षीची प्रवेश-पुस्तिका वाचून अभ्यासक्रमासमोर कोणती परीक्षा लिहिली आहे ते आधी बघा.

भुसावळहून मथुरामार्गे दिल्लीला जाणाऱ्या गाड्या अलीगढला लागत नाहीत, ते दिल्ली-कानपूर मार्गावर आहे. दिल्लीला गाडी बदला, पुढे १३० किलोमीटरच्या आसपास अंतर उरतं.