तेलाची बाटली आधी लांब ठेवा
(वाचकांचे प्रश्न : जुने कॅमेरे आणि डार्करूम. सोलापुरात आधी स्टुडिओच्या डार्करूममध्ये आणि मग कॅमेरा दुरुस्तीच्या टेबलावर उमेदीची वर्षं घालवलेले आमचे स्तंभलेखक उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : वडिलांचा याशिका मॅट १२४ जी माळ्यावर सापडला. ५०० आणि २५० या वेगवान स्पीडवर (सेकंदाचा पाचशेवा आणि अडीचशेवा भाग) शटर वाजतं, पण एक सेकंदावर ठेवलं की उघडंच राहतं. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं. शिवणयंत्राचं तेल घालून पाहू का? (चिपळूण)

नको. माझ्या टेबलावर आलेल्या कॅमेऱ्यांत आपोआप बिघडलेले थोडे, घरच्या माणसाने प्रेमाने तेल घालून बिघडवलेले जास्त. शटरची पाती कोरडीच चालायची असतात. तेलाचा थेंब आत गेला की तो पात्यांवर पसरतो, पाती एकमेकांना चिकटतात, आणि आज फक्त एक सेकंदाला अडणारं शटर उद्या ५०० लाही अडतं.

वेगवान स्पीड चालतात म्हणजे मुख्य स्प्रिंग ठीक आहे. अडलीय ती मंद स्पीडसाठीची छोटी दातेरी चाकांची गाडी. चांगल्या शटरला एक सेकंद दिलं की आतून सलग घर्र असा आवाज येतो. तुमच्याकडे तो सुरू होऊन मध्येच दम सोडत असणार. वर्षानुवर्षं पडून राहिल्याने तिथलं ग्रीस सुकून घट्ट झालंय. कारागीर पुढचं पॅनल उतरवतो, ती गाडी लायटरच्या पेट्रोलमध्ये धुतो आणि जवळजवळ कोरडीच परत बसवतो. मात्र घड्याळजीकडे देऊ नका. हात त्याचाही बारीक असतो, पण कॅमेऱ्याच्या लेन्सची सवय त्याला नसते. लेन्स नीट परत बसली नाही की फोकस बिघडला.

आता जाळं. ती बुरशी आहे, आणि कोकणात पावसाळे काढलेल्या कॅमेऱ्यात ती नसती तर मला नवल वाटलं असतं. पण आधी ती कुठल्या लेन्समध्ये आहे ते पाहा. तुमच्या कॅमेऱ्याला दोन लेन्स आहेत. वरच्या लेन्समधून आपण फक्त बघतो, फोटो खालची काढते. मागचं दार उघडा, शटर बी वर (बटण दाबून ठेवाल तोवर ते उघडं राहतं) धरून ठेवा आणि मागून टॉर्च मारा. खालची लेन्स स्वच्छ दिसली तर वरच्या बुरशीची काळजी सोडा, फोटोत ती येत नाही. खालच्या लेन्समध्ये असेल तर शटरच्या कामातच साफ करून घ्या. बुरशीने काचेवरचा मुलामा खाल्ला असेल तर डाग राहतील, पण बारीकशा डागाने फोटो बिघडत नाही. सूर्य समोर असेल तेव्हा थोडा धुरकटपणा येतो, एवढंच. आणि कॅमेऱ्याची चामडी पेटी सोबत असेल तर ती आठवण म्हणून भिंतीवर टांगा, पण कॅमेरा तिच्यात ठेवू नका. ती ओल धरते. कॅमेऱ्याची जागा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला लागणारा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बाजारात नाही. साधा १.५ चा घातला की मीटर उजेड जास्त दाखवतं आणि फोटो काळवंडतो. कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्टचा असतो, तो रबरी रिंगेत बसवून चालतो. अर्थात शटरला सेल लागतच नाही. कडक उन्हात १०० आयएसओची फिल्म, लेन्सचं छिद्र एफ १६ वर आणि शटर १२५ वर, एवढं लक्षात असलं तर मीटर बंद असला तरी अडत नाही.

प्रश्न : आजोबांचा आग्फा क्लिक थ्री दुरुस्त करून घेण्यालायक आहे का? (जळगाव)

दुरुस्त करायला त्यात आहेच काय! एक साधी काच, एक स्प्रिंग, एक पाती. बटण दाबल्यावर पाती हलते का पाहा, काच मऊ कापडाने पुसा, दार नीट बंद होतं का तपासा. त्याला लागणारी १२० आकाराची फिल्म आजही मिळते, चौकोनी बारा फोटो येतात. कोणी दुरुस्तीचे हजारो रुपये सांगितले तर नमस्कार करून घरी या.

प्रश्न : मी चोवीस वर्षांची आहे. बाथरूममध्ये लाल दिवा लावून ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायचा विचार आहे. उन्हाळ्यात जमेल का? तुमच्या वेळी कसं करायचे? (पुणे)

लाल दिव्याने घात होईल. लाल दिवा कागदासाठी, प्रिंट काढताना. तुमची फिल्म लाल उजेडही पाहते, म्हणून ती धुण्याच्या बंद टाकीत भरताना पूर्ण अंधार लागतो. दार लावून पाच मिनिटं नुसत्या बसा, मग उजेड कुठून येतो ते कळेल. दाराखालची फट सगळे बुजवतात, गिझरचा बारीकसा दिवा मात्र विसरतात. त्यापेक्षा बाहीवाली काळी पिशवी घ्या. टाकीचं झाकण लागलं की पुढचं सगळं लख्ख उजेडात करता येतं.

उन्हाळ्याचं म्हणाल तर आम्ही सोलापुरात काम केलंय! मे महिन्यात नळाचं पाणीच अंगाला चटका द्यायचं. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर हवा. २० ला साडेसात मिनिटं घेणारी फिल्म २४ ला सुमारे साडेपाचात होते, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की डेव्हलपिंग सगळीकडे सारखं होत नाही, आकाशात पट्टे दिसतात. त्याहून गरम झालं तर फिल्मवरचं जिलेटिन फुगून मऊ पडतं, नखही लागायचा अवकाश. म्हणून लग्नसराईतले रोल आम्ही रात्री जेवणानंतर धुवायला घ्यायचो. घमेल्यात बर्फ, बर्फात बाटल्या. डेव्हलपरमध्ये थेट बर्फ टाकायचा नाही, तो पातळ होतो. नवीन पोरगा हमखास टाकायचा आणि मालकाच्या शिव्या खायचा. हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं लागतं, हे आजच्या व्हिडिओंत फारसं कोणी सांगत नाही.

डेव्हलपरची पावडर तयार घेतली तरी चालेल. आम्ही डी-७६ नावाचा डेव्हलपर तराजूवर मोजून बनवायचो. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. क्रम महत्त्वाचा. कोमट पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावरच बाकीचं. सगळं सल्फाइट आधी ओतलं तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. हातमोजे घाला, मेटॉलने कित्येकांच्या बोटांना खाज आणि पुरळ यायचं. आमच्या मालकांची नखं तर कायम तपकिरी, लग्नाच्या पंगतीत वाढप्याने त्यावरून विचारलेलं मी ऐकलंय.

वापरलेला हायपो मोरीत ओतू नका. त्यात फिल्मवरची चांदी उतरलेली असते. आमच्याकडे तो न्यायला माणूस यायचा, कॅन भरला की रोख पैसे. त्या पैशावर मालकाचा हक्क की डार्करूमवाल्याचा, यावर आमच्या स्टुडिओत दर वेळी वाद.

प्रश्न : जुन्या निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरचा वास येतोय. काही एकमेकींना चिकटल्यात. आधी कॅमेरा दुरुस्त करू की हे बघू? (कोल्हापूर)

कॅमेरा आणखी दहा वर्षं थांबेल, हे थांबणार नाही. वास येतोय म्हणजे फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजायला लागलाय, आणि ते आम्ल शेजारच्या चांगल्या निगेटिव्हनाही लागतं. वासाच्या आजच वेगळ्या काढा. ज्या सुट्या आहेत त्या पहिल्यांदा स्कॅन करा, मग कागदी पाकिटांत घालून घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवा. पीव्हीसीची प्लास्टिक पाकिटं नकोत, डांबराच्या गोळ्याही नकोत. चिकटलेल्या ओढून सोडवू नका, चेहऱ्याचा भाग दुसरीवर निघून येतो. पाण्यात भिजवायचा सल्ला कोणीतरी देईलच, पण कुजलेल्या फिल्मवरून जिलेटिनचा थर पाण्यात सुटून तरंगू शकतो. त्या तशाच कागदात गुंडाळा आणि संग्रहालयाचं काम करणाऱ्या जाणकारालाच दाखवा. डबा पत्र्याचा आणि गंजलेला असेल तर तोही बदला.